इंदूरच्या दोन बादल्या

बडोद्याहून मध्यरात्रीच्या सुमारास निघालेली अवंतिका एक्सप्रेस सकाळी आम्हांला इंदूरच्या फलाटावर उतरवून देते, हा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. मावशीचे घर रामबागेत. लग्न होऊन ती १९६२ साली बडोद्याची इंदूरकर झाली, आणि तेव्हापासून आमच्या माहेर-आजोळच्या नकाशात माळव्याचे हे शहर कायमचे कोरले गेले. पण पूर्वी इंदूरला जायचे म्हणजे मावशीच्या हातचे भुट्ट्याचे कीस खायला, सराफ्यात रात्री अकरा वाजता हिंडायला आणि राजवाड्यासमोर उभे राहून होळकरांच्या गोष्टी ऐकायला. २०२४ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या तोंडावर आम्ही उभयता गेलो, तेव्हा मात्र पाहण्याची स्थळे निराळीच ठरली. एक होते कचऱ्याचे मैदान आणि दुसरे पाण्याचे पंप. वाचक हसतील, आम्हीही आधी हसलोच होतो.

रिक्षातून सामान उतरवीत असतानाच गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी आली. तिच्या कर्ण्यावरून शहराच्या स्वच्छतेचे हिंदी गाणे मोठ्याने वाजत होते. चारच दिवसांपूर्वी, ११ जानेवारीस, स्वच्छ शहरांच्या स्पर्धेचा निकाल लागून इंदूरचा सलग सातव्यांदा पहिला क्रमांक आला होता. या खेपेस सुरतेबरोबर वाटून. त्यामुळे गाडीवाल्याच्या चेहऱ्यावरही सत्कारमूर्तीचा भाव होता. आमचे स्वागत करायला दारात आलेली मावशी, "थांबा जरा, बाळांनो," असे म्हणून आम्हांला ओलांडून पुढे गेली. एका हातात हिरवी बादली, दुसऱ्या हातात निळी. वय ब्याऐंशी. ओले हिरव्या खणात, सुके निळ्या खणात, आणि औषधाच्या गोळ्यांचे जुने पाकीट गाडीवाल्याच्या हातात निराळे. गाडीला सहा खण आहेत: ओला, सुका, प्लास्टिकचा, घरगुती घातक वस्तूंचा, सॅनिटरी कपड्यांचा आणि बिघडलेल्या विजेच्या उपकरणांचा. गाडीवाल्याने हिरव्या बादलीत डोकावून पाहिले, आणि आमच्या प्रवासातल्या पोळीभाजीचा प्लास्टिकचा कागद, जो आम्ही बसल्या बसल्या तीत टाकला होता, तो दोन बोटांनी उचलून काढला.

"माझे पाहुणे आहेत, भैया, नवीन आहेत," मावशीने क्षमा मागितली. इंदूरमधले आमचे पहिले पाच मिनिटांचे वास्तव्य असे लज्जास्पद झाले.

पुढच्या दोन दिवसांत जे पाहिले, त्याची सुरुवात या प्लास्टिकच्या कागदापासून होते, म्हणून हे सांगितले. मावसभाऊ म्हणाला, "तुम्हांला हे वेड वाटतं ना? चला, ही बादली जाते कुठे ते दाखवतो." त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी परवानगी काढून दिली. बाहेरगावच्या नगरपालिकांची शिष्टमंडळे आणि शाळांच्या सहली तिथे सतत येत असतात, त्यामुळे फारसे जड गेले नाही.

देवगुराडिया हे शहराच्या पूर्वेस टेकडीच्या पायथ्याशी आहे. तिथले महादेवाचे देऊळ प्राचीन, अहिल्याबाईंनी त्याचा जीर्णोद्धार केल्याचे सांगतात. गोमुखातून पाणी पिंडीवर पडते. मावशी तरुणपणी महाशिवरात्रीस तिथे जात असे. पुढे जाणे सोडले, कारण जवळच शहराचा उकिरडा होता. तब्बल शंभर एकरांवर कचऱ्याचे डोंगर. उन्हाळ्यात त्यांना आपोआप आग लागे आणि तो धूर आठ-आठ दिवस आसपासच्या वस्त्यांवर बसून राही. ही आग कोणी लावीत नसे. ओला कचरा एकावर एक दाबला गेला की आतली हवा संपते, आणि हवेवाचून जगणारे जंतू तो कुजवू लागतात. त्यातून मिथेन निघतो. हाच वायू पेट घेतो. पेटला नाही तर वर जातो, आणि ते त्याहून वाईट. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट, आणि वीस वर्षांचा धरला तर ऐंशी पटींच्या आसपास आहे. म्हणजे आपण फेकलेल्या भाजीच्या देठांचा आणि पृथ्वीच्या तापण्याचा संबंध फार दूरचा नाही. तो मोटारीच्या धुराइतकाच जवळचा आहे. फक्त दिसत नाही.

२०१८ साली महापालिकेने हे डोंगर खणायला घेतले. सुमारे १३ लाख टन जुना कचरा. यंत्रे विकत न घेता भाड्याने आणली, रात्रंदिवस पाळ्या लावल्या, चाळून चाळून माती निराळी, प्लास्टिक निराळे, दगडविटा निराळ्या केल्या आणि काही महिन्यांत मैदान मोकळे केले. आम्ही उभे होतो तिथे आता हिरवळ आहे आणि झाडे आहेत. खरे सांगायचे तर थोडा वास होताच. सोबतचे गृहस्थ म्हणाले, "वास नाही असं आम्ही कधीच म्हणत नाही." हे उत्तर आम्हांला आवडले.

हिरव्या बादलीची वाट पुढे जाते ती याच आवारातल्या गॅसच्या कारखान्यात. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची ताकद, आणि त्यातून सुमारे १७ टन वायू व १०० टन खत काढण्याची योजना. एका खोल हौदात गाड्या कचरा ओततात. वरून लोखंडी पंजा उतरतो, मूठ भरून उचलतो, आणि बारीक करणाऱ्या यंत्रात टाकतो. आम्ही काचेआडून पाहत होतो. हौदात फ्लॉवरचे देठ, चहाचा चोथा, शिळे पोहे, झेंडूच्या माळा, आणि इंदुरात पोह्यांइतकीच सर्वव्यापी असलेली शेव. सारे शहर काल काय जेवले ते त्या हौदात लिहिलेले होते. पुढे त्याची लापशी होते, ती मोठाल्या बंद टाक्यांत काही आठवडे कुजते. उकिरड्यात जे घडत होते तेच इथे घडते, तेच जंतू, तोच वायू. फरक एवढाच की इथे त्यावर झाकण आहे. वायू शुद्ध करून दाबाने नळकांड्यांत भरतात आणि त्यावर शहराच्या बसगाड्या चालतात. कारखाना खाजगी कंपनीने उभारला आहे. पालिकेने त्यात पैसा घातला नाही, उलट कचरा दिल्याबद्दल तिलाच दरवर्षी रक्कम मिळते.

आम्ही विचारले, "असे कारखाने इतर शहरांनी पूर्वी काढले नव्हते का?"

"काढले की. आणि बंद पडले." गृहस्थांनी आमच्याकडे रोखून पाहिले. सकाळच्या प्लास्टिकच्या कागदाची बातमी मावसभावाने त्यांना नक्की दिली असावी. "कचरा मिसळलेला आला की यंत्राच्या पोटात चिंध्या अडकतात, काच अडकते. टाकीतल्या जंतूंना प्लास्टिक पचत नाही. आमची खरी यंत्रं इथं नाहीत, घराघरांतल्या स्वयंपाकघरांत आहेत."

शेजारच्या इमारतीत निळ्या बादलीचा माल सरकत्या पट्ट्यावरून जात होता. काही निवड यंत्रे करतात, पण पट्ट्याच्या दोन्ही अंगांना हातमोजे घातलेल्या बायकाही उभ्या होत्या. त्यांतल्या कित्येकींनी पूर्वी याच डोंगरांवर उन्हात भंगार वेचले आहे. आम्ही एकीला विचारले, हे बरे की ते? ती म्हणाली, इथे सावली आहे आणि महिन्याला पगार आहे; तिथे मात्र मर्जी आपली होती. पुढे काय विचारावे ते आम्हांला सुचले नाही.

इंदूरचे आणि कचऱ्याचे नाते जुने आहे, हे परतीच्या वाटेवर कृषी महाविद्यालयावरून जाताना मावसभावाने आठवून दिले. या जागी होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ साली वनस्पती-संशोधनाची संस्था निघाली आणि आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९३१ पर्यंत तिचे संचालक होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी ते परतून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची त्यांची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गाजली. तिच्यावरचा ग्रंथ १९३१ साली निघाला, त्यावर हॉवर्डबरोबर दुसरे नाव आहे ते यशवंत वाड यांचे. जगाच्या सेंद्रिय शेतीच्या मुळाशी हे एक मराठी नाव आहे आणि आपल्यापैकी किती जणांस ते ठाऊक आहे? आम्हांसही नव्हते. हॉवर्ड-वाडांचा सारा भर ढिगात हवा खेळती ठेवण्यावर होता. हवा असली की मिथेन होत नाही. त्यांना मिथेनची चिंता नव्हती, त्यांना चांगले खत हवे होते. पण शहाणपण एका कारणासाठी केले तरी दुसऱ्याला उपयोगी पडते, ते असे.

त्याही आधी, १९१७-१८ च्या सुमारास, पॅट्रिक गेडिस हे नगररचनेचे स्कॉटिश पंडित इंदूरला आले होते. प्लेगचे दिवस होते. त्यांनी दिवाळीची एक मिरवणूक काढविली आणि जाहीर केले की मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा नाही; ज्या गल्ल्यांतली घरे सर्वांत स्वच्छ, तिकडूनच ती जाईल. मग काय, गावभर झाडलोट सुरू! मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि स्वच्छ वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार हारतुरे घालून सन्मानाने चालले होते. कचऱ्याच्या गाडीवर गाणे लावण्याची कल्पना शंभर वर्षांपूर्वीच या शहराच्या अंगवळणी पडली होती म्हणा ना.

दुसऱ्या दिवशीचा प्रवास मावशीच्या हट्टाने ठरला. "तुम्ही कचरा पाहिलात, आता पाणी बघा. माझे पैसे तिथे आहेत," ती म्हणाली. या वाक्याचा उलगडा गाडीत झाला. तो पुढे सांगू.

इंदूरहून महू तेवीस किलोमीटर. महूपासून मंडलेश्वरचा रस्ता माळव्याच्या पठारावरून शांतपणे जातो. गव्हाची शेते, हरभरा, मधूनच पळसाची उघडी झाडे. आणि मग एकाएकी पठार संपते. कड्यावर जाम दरवाजा उभा आहे. अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधविलेला हा दगडी दरवाजा कोणत्याही किल्ल्याचा नाही. माळव्यातून निमाडात उतरणाऱ्या वाटेचा तो उंबरठा आहे. त्याच्या कमानीत उभे राहिले की पायांखाली घाट कोसळलेला दिसतो, दऱ्यांमागे दऱ्या धुक्यात बुडत जातात, आणि पार क्षितिजाशी, नजर स्थिर केली तर, नर्मदेची एक रुपेरी रेघ. सकाळची थंडी, कमानीतून येणारा वारा, आणि खालून चढणाऱ्या एका मालमोटारीची घरघर. मावशी शाल लपेटून बराच वेळ तिथे उभी होती.

"एवढं चढून येतं हो पाणी," ती म्हणाली.

खरोखर या कड्यावर उभे राहिल्याशिवाय इंदूरचे पाणी कळत नाही. नदी खाली, शहर वर, आणि मध्ये विंध्याद्रीची भिंत. जलूद गावी नर्मदेतून पाणी उचलायचे, शुद्ध करायचे, टप्प्याटप्प्यांच्या पंपांनी साडेपाचशे मीटरांच्या आसपास चढवून विंध्याच्या माथ्यावर वांचू पॉइंटच्या टाकीत आणायचे, आणि तिथून उताराने शहरात सोडायचे. एकूण अंतर सुमारे सत्तर किलोमीटर. आम्ही बडोद्याचे. आमच्याकडे सयाजीराव महाराजांनी १८९२ साली आजव्याचे सरोवर पुरे केले, ते शहराहून उंचावर असल्याने पाणी आपल्या वजनानेच घरी येई. पाण्याला चढावे लागते ही कल्पनाच आम्हांला परकी. मावसभावाने कमानीच्या पायरीवर बसून हिशेब मांडला. वीस लिटरची एक बादली साडेपाचशे मीटर उचलायला जी वीज लागते, तिच्यात पंपाची आणि नळाची तूट धरली तर दहा वॉटचा एक दिवा चार तास जळेल. एक बादली! अंगण धुवायला आपण किती ओततो?

आणि ही वीज येते कुठून? याच निमाडात, खरगोन जिल्ह्यात सेल्दा येथे १३२० मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र आहे. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायॉक्साइड हवेत जातो. इंदूरच्या नळाच्या तोंडाला धुरांडे नसते, एवढेच. जलूदच्या पंपांचे विजेचे बिल महिन्याला सुमारे २५ कोटी रुपये येते, असे पालिकेने कर्जरोखे काढताना सांगितले होते.

जाम घाट उतरून मंडलेश्वरास पोहोचलो तेव्हा हवा एकदम उबदार झाली. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद इथे झाला अशी स्थानिक श्रद्धा. तिथून जलूद जवळच. पंपघराच्या आत जाता आले नाही, पण बाहेरूनच त्याचा आवाज छातीत घुमतो. तो थांबत नाही. रात्रंदिवस एक नदी उचलून डोंगरावर ठेवण्याचे काम चालू आहे, आणि माणसे त्या आवाजाच्या शेजारी गहू पेरताहेत.

इथे मावशीने तिची गोष्ट सांगितली. नवी सून म्हणून ती आली तेव्हा इंदूरला यशवंत सागराचे आणि बिलावली तलावाचे पाणी. उन्हाळ्यात तेही आटे. पहाटे तीनला हंडे घेऊन रांगेत उभे राहायचे. १९७० साली शहराने नर्मदेच्या पाण्यासाठी मोठे आंदोलन केले. विद्यार्थी, गिरणी कामगार, व्यापारी, सारे उतरले. मावशीच्या यजमानांनी तेव्हा नोकरी सांभाळून सभांना जाणे आणि तिने घरून डबे पाठविणे, एवढा दोघांचा वाटा. १९७८ साली पाणी आले. "पहिल्या दिवशी नळ सोडला आणि आम्ही बायका रडलो," मावशी म्हणाली. "पूजा केली नळाची. तेव्हा कोणी सांगितलं नाही की हे पाणी विजेवर चढतं. आणि सांगितलं असतं तरी आम्ही मागितलंच असतं. तहान लागली होती."

म्हणून, २०२३ च्या फेब्रुवारीत महापालिकेने या पंपांसाठी ६० मेगावॅटचे सौर वीजकेंद्र उभारावयाचे ठरवून त्याकरिता जनतेकडून कर्ज मागितले, तेव्हा मावशीने आपल्या ठेवीतले दहा हजार रुपये काढले. हजाराचा एक रोखा, किमान दहा घ्यायचे. व्याज सालीना सव्वाआठ टक्के, सहामाहीने. मुद्दल तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी चार हप्त्यांत परत. पालिकेने २४४ कोटी उभे करण्याचे ठरविले होते. अर्ज आले ते ७२० कोटींचे. हिंदुस्थानातल्या एखाद्या नगरपालिकेने हरित कामासाठी सामान्य माणसाला असा रोखा विकण्याची ती पहिलीच वेळ. मावसभावाचा विरोध होता. नऊ वर्षांचा रोखा ऐंशी वर्षांच्या बाईने घ्यावा काय, हा त्याचा प्रश्न. मावशीचे उत्तर त्यानेच आम्हांला ऐकविले: "नळाला पाणी आलं तेव्हा बिल आलं नव्हतं. आता आलंय."

जलूदजवळच्या समराज आणि आशूखेडी गावांच्या हद्दीतली ती नियोजित जागा आम्ही पाहिली, म्हणजे पाहण्यासारखे काही नव्हते. ओसाड माळ, काटेरी झुडपे, दोन शेळ्या. मावशी गाडीतून उतरली नाही. काच खाली करून तिने आपल्या दहा हजारांकडे एकवार पाहून घेतले. पुढे यथावकाश काम सुरू झाले. परंतु हिशेब चोख ठेवायचा तर हेही सांगितले पाहिजे की पंप रात्रीही चालतात आणि सूर्य रात्री नसतो. साठ मेगावॅटची सौर वीज पंपांच्या भुकेचा एक वाटा भागवील, सारी भूक नव्हे. उरलेला वाटा कमी करण्याचा उपाय नळाची गळती थांबवणे आणि तोटी बंद करणे हाच. त्यासाठी रोखे निघत नाहीत आणि त्याचे उद्घाटनही होत नाही.

परतताना आठ किलोमीटरांवरचे महेश्वर टाळणे शक्यच नव्हते. अहिल्याबाईंच्या घाटावर अर्धा तास बसलो. त्याविषयी इतक्यांनी इतके लिहिले आहे की आम्ही भर घालत नाही.

रात्री वहिनींचे हळदीकुंकू होते. वाण म्हणून त्यांनी जुन्या साड्यांच्या शिवलेल्या कापडी पिशव्या लुटल्या. तिळगुळाच्या वाटीखाली कागदी चकती नव्हती की प्लास्टिकची पुडी नव्हती. कौतुक करावे तितके थोडे. पण आम्ही अंगणातही पाहत होतो. घरात माणसे पाच, वाहने चार. हळदीकुंकू आटोपल्यावर गराडू खायला सराफ्यात जायचे ठरले तेव्हा दोन मोटारी निघाल्या. घरापासून अंतर चालत जाण्यासारखे. सहा खणांत कचरा निवडणारे घर पेट्रोलच्या बाबतीत एकच खण ठेवते, असे आम्ही म्हणालो. वहिनी हसल्या, मावसभाऊ हसला नाही. म्हणाला, "बस आहे, पण बसला वाट कुठं आहे?" त्या वेळी निदान एक वाट होती. २०१३ साली इंदूरने बसगाड्यांसाठी साडेअकरा किलोमीटरचा राखीव रस्ता केला होता. २०२५ साली तो काढून टाकण्याचे ठरले आणि कठडे उखडले गेले. मोटारींना जागा हवी होती. जी पालिका कचऱ्यातून गॅस काढून बसमध्ये भरते, तिच्याच शहरात बसची वाट मोडते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २०२४ च्या जुलैत याच शहराने एका दिवसात अकरा लाखांहून अधिक रोपे लावून जागतिक विक्रम केला. आम्हांला विक्रमाहून पाचव्या वर्षीची मोजदाद वाचायला आवडेल.

आम्ही बडोद्यास परतलो आणि दोनच महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, आमच्या महापालिकेनेही सांडपाण्याच्या कामांसाठी शंभर कोटींचे हरित रोखे काढले. मावशीला फोन करून सांगितले तर म्हणाली, "घेतलेत का?" आम्ही घेतले नव्हते. घरी दोन बादल्या मात्र आल्या आहेत, आणि हिरवीत डोकावून पाहण्याची सवय जडली आहे.

हा लेख इथे संपवायचा होता. पण २०२५ च्या डिसेंबरअखेर इंदुरातल्या भागीरथपुरा वस्तीत नळाच्या पिण्याच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळले. शेकडो माणसे आजारी पडली, काहींचे प्राण गेले, त्यांत लहान मूलही होते. विंध्याद्री चढून, शुद्ध होऊन, इतक्या मोलाने आलेले पाणी घराच्या दारात येऊन नासले. शहराच्या पहिल्या क्रमांकाचे गाणे ज्या गल्ल्यांतून रोज वाजते त्यांतच हे घडले, हे वाचून आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो. जमिनीवरचा कचरा सर्वांना दिसतो, जमिनीखालचा नळ कोणालाच दिसत नाही. आणि स्पर्धेचे परीक्षक बहुधा वरूनच चालत जातात.

मावशीची वस्ती त्या भागापासून दूर. तरी फोन केला. तिचा आवाज नेहमीचा होता, जरा थकलेला. पाणी उकळून तांब्याच्या घागरीत ठेवते म्हणाली. आम्ही भीत भीत रोख्यांचे विचारले. त्यावर ती उसळलीच. "रोखे का विकू? मी पालिकेला पैसे दिलेत, म्हणून तर आता भांडता येतंय." वॉर्डाच्या कार्यालयात पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागायला ती सुनेला घेऊन दोनदा जाऊन आली होती. पहिल्या वेळी साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्या वेळी भेटले, आणि त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. अहवाल दिला नाही. तिसऱ्या वेळी ती डबा घेऊन जाणार आहे.